नॉटमच + गिट: इनबॉक्समध्ये परत येणाऱ्या मेलचा गुंता सुटला

नॉटमच हा मेल शोधण्याचा आणि तिला टॅग लावण्याचा प्रोग्राम. त्याचे टॅग लॅपटॉप आणि डेस्कटॉपमध्ये गिटने (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली) सिंक होतात. लॅपटॉपवर आर्काइव्ह केलेली (म्हणजे 'इनबॉक्स' टॅग काढलेली) मेल सिंक झाली की पुन्हा इनबॉक्समध्ये येऊन बसायची, ते अखेर थांबलं.

मेख मर्जमध्ये, म्हणजे दोन मशीनवरचे बदल एकत्र करण्यात आहे. नॉटमच गिट (टॅग गिटमध्ये ठेवणारी नॉटमचची सोय) प्रत्येक टॅगसाठी मेसेज-आयडीच्या (मेलच्या ओळखखुणेच्या) फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल ठेवतं. फाइल असली तर टॅग आहे, नसली तर नाही. लॅपटॉपवर मेल आली, 'इनबॉक्स' लागला, कमिट झाला (गिटमध्ये नोंदला गेला). मग काढला, तेही कमिट झालं. तिकडे डेस्कटॉपवर तीच मेल स्वतंत्रपणे उतरली आणि तिलाही 'इनबॉक्स' लागला. गिट मर्ज करताना मधले कमिट बघतच नाही, फक्त सामाईक पूर्वज (दोन्ही मशीनची शेवटची समान नोंद) आणि दोन टोकं (दोन्हीकडची ताजी नोंद) बघतं. टॅग पूर्वजात नाही, लॅपटॉपच्या टोकाला नाही, डेस्कटॉपच्या टोकाला आहे. म्हणजे गिटच्या लेखी तो नव्याने जोडलेला. कॉन्फ्लिक्टही येत नाही. दर मिनिटाला कमिट केलं तरी फरक पडत नाही.

म्हणून टॅग नसणं सिंक करायचंच नाही, हाताने लावलेला टॅग तेवढा करायचा. आर्काइव्ह करताना 'स::झालं' लावायचा आणि गिटचा टॅग-प्रीफिक्स 'स::' ठेवायचा, म्हणजे त्याने सुरू होणारेच टॅग गिटमध्ये जातात. 'इनबॉक्स' आणि 'अनरेड' रेपोत (गिटच्या साठ्यात) जातच नाहीत. 'अनरेड'ची ने-आण मेलडिर फ्लॅगमधून (मेलच्या फाइलनावातल्या खुणांमधून) एमबीसिंक (सर्व्हरवरची मेल मशीनवर उतरवणारा प्रोग्राम) चोख करतो. तेच काम गिटलाही दिलं तर दोघांची ओढाताण होते.

क्रम असा: नॉटमच न्यू (नवी मेल नोंदवणं), गिट कमिट, गिट पुल (दुसरीकडचे बदल आणून मर्ज करणं), मग 'स::झालं' असलेल्या मेलवरून 'इनबॉक्स' काढायचा, शेवटी पुश (आपले बदल पाठवणं). कमिट राहिलं असेल तर पुल अडून बसतं, आणि ते योग्यच आहे.

डम्पची (सगळ्या टॅगच्या यादीची) टेक्स्ट फाइल गिटमध्ये ठेवून 'मर्ज=युनियन' (दोन्हीकडच्या ओळी ठेवणारा मर्ज) लावण्याचा मार्ग मात्र टाळाच. एका मेलचे सगळे टॅग एकाच ओळीत असतात. युनियनने त्याच मेलच्या दोन ओळी उरतात, रिस्टोर (डम्पमधून टॅग परत लावणं) दुसरी ओळ पहिलीवर चढवतं आणि पहिलीतले टॅग गुपचूप जातात. झिप केलेला डम्प बॅकअप म्हणून उत्तम, सिंकसाठी नाही.

देवनागरी टॅग व्यवस्थित चालतात. फाइलच्या नावात देवनागरीच्या प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात, म्हणून चार कोडपॉइंटचं (युनिकोड चिन्हांचं, प्रत्येकी तीन बाइट) 'झालं' ३६ अक्षरांचं होतं. ईएक्सटी४ वर (लिनक्सची फाइलसिस्टम) नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे २८ कोडपॉइंटपुढे टॅग नेऊ नका.

हे लिहितानाच एक भोक दिसलं. लॅपटॉपवर 'स::झालं' काढून मेल पुन्हा उघडली, तर ते काढणं डेस्कटॉपवर पोचतं (इथे पूर्वजात टॅग आहे), पण तिथला 'इनबॉक्स' परत येत नाही. मग 'इनबॉक्स' टॅग हवाच कशाला? 'स::झालं' नसलेल्या मेलचा सेव्ह केलेला सर्च हाच इनबॉक्स! वरच्या क्रमातली 'इनबॉक्स' काढायची पायरीही गळते. त्याआधी जुन्या सगळ्या मेलला एकदम 'स::झालं' लावावा लागेल. बदल १० टक्क्यांच्या वर गेला की सेफ-फ्रॅक्शन ही सुरक्षा-मर्यादा कमिट रोखते, तेव्हा त्या एका कमिटला फोर्सचा पर्याय द्यायचा. त्याआधी डम्प घ्यायचाच.

नॉटमच गिटच्या स्टेटसमध्ये 'यू' (रेपोत टॅग आहे, पण ती मेल या मशीनवर सापडत नाही) दाखवणाऱ्या काही ओळी अजून उरल्या आहेत. त्या मेसेज-आयडी नसलेल्या मेल आहेत. नॉटमच अशा फाइलच्या शा-१ वरून (मजकुरावरून काढलेल्या ठशावरून) आयडी बनवतं, आणि एमबीसिंक उतरवताना प्रत्येक मशीनवर वेगळा एक्स-टीयूआयडी हेडर (मेलच्या माथ्यावरची ओळ) घालतो, म्हणून आयडी जुळत नाही. पुढचा प्रयोग: अशा मेलमध्ये सर्व्हरवरच मेसेज-आयडी घालणं.