आजी बाहेरगावी गेल्यात

काळ्या मसाल्याच्या गाळ्यात पाय ठेवला की पहिली दहा मिनिटं शिंकण्यात जातात, मग नाक नाद सोडून देतं. एप्रिल २०२४ मधल्या त्या दुपारी मी शिंकून मोकळा झालो होतो आणि पाकिटांचे फोटो काढायला पांढरा कागद भिंतीला चिकटवत होतो. अंबड एमआयडीसीतला भाड्याचा पत्र्याचा गाळा. आत सिडकोतल्या तीन बायका पाकिटं भरतायत, चौथी सीलिंगच्या मशीनवर. मालक कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला. पुण्याची नोकरी सोडून नाशिकला परत आलेला, म्हणून त्याला सगळे इंजिनिअरच म्हणतात, मीही.

मी जाहिराती लिहितो. आधी एका दैनिकाच्या जाहिरात विभागात होतो, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दशक्रिया विधी एकाच टेबलावर घ्यायचो. आता गंगापूर रोडला दीड खोलीचं ऑफिस आहे आणि द्राक्षबागेतल्या होमस्टेपासून स्पर्धा परीक्षांच्या क्लासपर्यंत जो येईल त्याचं काम करतो. इंजिनिअरचं काम माझ्याकडे सात-आठ महिन्यांपूर्वी आलं होतं. त्याला काळा मसाला आणि मिसळ मसाला ऑनलाइन विकायचा होता. मसाला तो बनवत नव्हता. जिल्ह्याबाहेरच्या एका गिरणीतून पंचवीस किलोच्या गोण्या यायच्या आणि अंबडला दोनशे ग्रॅमची पाकिटं व्हायची. यात गैर काही नाही, अर्धा बाजार असाच चालतो. अडचण एवढीच होती की गोणीला गोष्ट नसते.

गोष्ट मी दिली.

पाकिटावर 'घरगुती' लिहायचं असं त्याच्या मनात होतं. मी नको म्हटलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिराती आणि दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम आहेत, त्यात 'घरगुती', 'घरी शिजवलेलं' असे गैरसमज करून देणारे शब्द वापरायला मनाई आहे. कारखान्यात भरलेल्या पाकिटावर तो शब्द आला की कोणीही तक्रार करू शकतं. इंजिनिअर माझ्या अभ्यासावर खूश झाला. मग मी त्याला म्हटलं, शब्द नको, आपण आजी ठेवू.

नऊवारीतली आजी एआयकडून करून घेतली. पहिल्या चित्रात नथ उजव्या नाकपुडीत होती. चित्र उलटं केलं तर पदर भलत्याच खांद्यावर गेला. दहाव्या-बाराव्या खेपेला डोक्यावरून पदर घेतलेली, जात्यावर मसाला दळणारी, डोळ्यांनी हसणारी एक म्हातारी मिळाली. तिला नाव दिलं. ते इथे लिहीत नाही, पाकिटं अजून बाजारात आहेत. मागे चार ओळी लिहिल्या: चांदवडजवळचं माहेर, १९६४ साली लग्न होऊन पंचवटीत आलेली, सासूनं हातात हात धरून शिकवलेला काळा मसाला, साठ वर्षं तीच चव. चांदवड का? तर आदल्या आठवड्यात धुळ्याला जाताना पाटी वाचली होती. आणि १९६४ का, तर १९६५ पेक्षा कानाला बरं वाटलं. आमच्या धंद्यात नवशिक्यांना शिकवतात, तपशील द्या, तपशिलावर माणूस विश्वास ठेवतो. गावाचं नाव द्या, साल द्या. मी ते चांगलं शिकलो होतो.

पाकीट कायद्यानं चोख होतं. चौदा आकडी परवाना क्रमांक, घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, ग्राहकांसाठी फोन नंबर आणि अंबडच्या गाळ्याचा पत्ता, आणि अगदी तळाला मुंगीच्या अक्षरात गिरणीचं नाव व पत्ता. मागे गिरणी, पुढे आजी.

वेबसाइटवरची बाकीची कामंही मीच केली होती, लपवण्यात अर्थ नाही. 'ऑफर संपायला १४ मिनिटं' असं घड्याळ होतं, पान पुन्हा उघडलं की पुन्हा १४ पासून सुरू व्हायचं. 'फक्त ३ पाकिटं शिल्लक' हे वाक्य गोदामात तीन हजार पाकिटं असतानाही तसंच राहायचं. केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकार दिलेत आणि खोटी घाई हा त्यातलाच एक. ती यादी मी वाचली तेव्हा तेरातले पाच प्रकार मी कोणाकोणासाठी करून बसलो होतो. घड्याळ काढू या, असं मी इंजिनिअरला सांगितलं. तो म्हणाला, दिवाळी होऊ दे. दिवाळी होऊन गेली होती. मीही पुन्हा विषय काढला नाही. माझं बिल महिन्याच्या पाच तारखेला यायचं.

तर साडेबाराच्या सुमारास शटरपाशी एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. इस्त्रीचं सुती लुगडं, हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात आमचं रिकामं पाकीट, घडी घालून.

"हा पत्ता इथलाच ना, भाऊ?"

मी म्हटलं, "हो, आजी. मसाला हवाय का?"

"मसाला नको. ह्यांना भेटायचंय." आणि तिनं पाकिटावरच्या चित्रावर बोट ठेवलं.

भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. मशीनवरच्या मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. इंजिनिअर कानाला फोन लावून मागच्या दारानं बाहेर. फोन आलेला नव्हता.

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. चांदवडहून एसटीनं आली होती. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, तिला सत्त्याहत्तर पूर्ण. नाशिकच्या द्वारका चौकात उतरून रिक्षा केली, रिक्षावाल्यानं दोनशे घेतले, हे तिनं दोनदा सांगितलं. पिशवीतून खण काढला, नारळ, मूठभर तांदळाची पुडी, आणि रेणुकादेवीचं कुंकू. ओटी भरायला आली होती.

"आमच्या शेजारची पोर पंचवटीत दिलेली. मी आणि ती एका वयाच्या. तिचं लग्न चौसष्टलाच झालं, माझं पुढच्या वर्षी. नातसुनेनं मसाला मागवला, मी पाकीट वाचलं. चौथी शिकलेय मी. म्हटलं, चांदवडचं माहेर, पंचवटीचं सासर, चौसष्ट साल, मग दुसरी कोण असणार? नाव वेगळं दिसलं, पण सासरी बदललं असंल. तोंडावळा तितका लागत नाही, पण साठ वर्षांत कोणाचा लागतो?"

मी काही बोललो नाही. ती पाकीट डोळ्यांजवळ नेऊन बघत होती.

"फोटोवाल्यानं मात्र येड्यासारखं बसवलंय तिला. जात्यावर मसाला दळतं का कोणी? खोबरं, तीळ, खसखस. तेल सुटून जात्याच्या पाळ्या लिंपून जातील. मसाला उखळात कुटायचा, नाहीतर डंकावर न्यायचा. तिला माहीत नसंल होय? तुम्हीच बसवलं असणार."

सात महिने ते चित्र फिरत होतं. हजारो लोकांनी पाहिलं, शेकडोंनी खाली हात जोडून टाकले, एका फूड ब्लॉगरनं 'अस्सल' म्हणून व्हिडिओ केला. जातं कोणालाच खटकलं नव्हतं. जिला खटकलं तिनं दोष फोटोवाल्यावर टाकला आणि आजीला सांभाळून घेतलं.

मी मागच्या दारानं बाहेर गेलो. इंजिनिअर निंबाखाली उभा होता. बाहेरगावी गेल्यात म्हणून सांग, म्हणाला. मी म्हटलं, ती परत येईल. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मग वारल्या म्हण. गेल्या महिन्यात. प्रश्नच मिटला. पाकिटावरही टाकता येईल, आजींच्या स्मरणार्थ."

त्याचा स्वभाव वाईट नाही, हे मला सांगायला हवं. बायकांना पगार वेळेवर देतो, दुपारचा चहा देतो. तो घाबरला होता आणि घाबरल्यावर त्याच्यातला विक्रेता जागा झाला. माझ्यातला तर मुळातच जागा होता, कारण 'स्मरणार्थ' ऐकल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते असं की त्या पाकिटाला काळी किनार शोभेल. त्याची लाज मला नंतर वाटली. तेव्हा नाही.

आत जाऊन मी तिला सांगितलं, "आजी बाहेरगावी गेल्यात."

"कधी येणार?"

"आठ-दहा दिवस लागतील."

"मग दहा दिवसांनी येते. मला काय, एसटी फुकट आहे." खण, नारळ तिनं परत पिशवीत भरायला घेतलं. "का मी पंचवटीतल्या घरीच जाऊ? पत्ता दे. सुना असतील ना घरात?"

खोटं एकदा बोलून भागत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण समोरच्या माणसाला दर दहा दिवसांनी चांदवडहून फुकट येता येतं, तेव्हा पुढची किती वर्षं बोलावं लागेल याचा हिशोब मी उभ्या उभ्या करून पाहिला. मग खाली तिच्या पायाशी बसलो, कारण उभं राहून सांगता येत नव्हतं.

अशी कोणी आजी नाही, असं मी सांगितलं. चित्र कंप्युटरनं काढलंय. गोष्ट मी लिहिलीय. मसाला गिरणीतून येतो.

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. चित्र काढलंय म्हणजे फोटो नाही एवढं कळलं, पण बाई आहे असंच ती धरून होती. मी पुन्हा सांगितलं. मशीनवरच्या मावशीनं मशीन बंद केलं आणि तिच्या भाषेत सांगितलं, "आजी, नुसतं चित्रंय ते. कॅलेंडरवर असतं ना, तसं."

"मग चांदवड कोणी सांगितलं?"

"मीच लिहिलं."

"अन् चौसष्ट?"

"तेही."

"का?"

या प्रश्नाचं उत्तर मी एरवी पंचेचाळीस मिनिटांच्या प्रेझेंटेशनमध्ये देतो. तिथे सुचलं नाही. ती रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. पाकिटाची घडी घालून तिनं ते पिशवीत ठेवलं, फेकलं नाही.

"मसाल्यात मीठ लई आहे," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "तिच्या हातचा असता तर एवढं नसतं, हे मला भाजी केली तेव्हाच वाटलं होतं. पण म्हातारपणी हात चुकतो म्हटलं."

खरं होतं. घटकांच्या यादीत धने, मिरची आणि लगेच मीठ होतं. म्हणजे वजनात खोबऱ्यापेक्षा मीठ जास्त. मिठानं वजन भरतं. ते मी स्वतः टाइप केलं होतं आणि वाचलं नव्हतं.

ओटी परत घरी न्यायची नसते म्हणून तिला भद्रकालीला जायचं होतं. मी गाडीनं नेलं. द्वारकेच्या सर्कलला नेहमीसारखे अडकलो आणि त्या वीस मिनिटांत तिनं मैत्रिणीची सगळी गोष्ट सांगितली. दोघी रेणुकेच्या डोंगराकडे गोवऱ्या वेचायला जायच्या. लग्नानंतर ती दोन भाऊबिजांना आली. मग भावानं घर विकलं आणि तो गुजरातकडे कुठेतरी गेला. "माहेरच संपलं तिचं, मग ती कोणाकडे येणार?" बाप्यांचं बरं असतं, म्हणाली, त्यांचं गाव बदलत नाही. तिनं मैत्रिणीचं लग्नाआधीचं नाव मला सांगितलं आणि सासरचं आडनाव आठवत नाही म्हणून स्वतःवरच चिडली. भद्रकालीला खण-नारळ ठेवला, दहा रुपये ठेवले. प्रसादातलं खोबरं मला दिलं. चांदवडच्या गाडीत बसवून दिलं तेव्हा खिडकीतून म्हणाली, "तू एवढं खोटं नीट लिहितोस, तर खरीला शोध की."

संध्याकाळी मी आणि इंजिनिअर भांडलो. त्याचं म्हणणं, कोणाचं काय नुकसान झालं? मसाला खराब नाही, विषारी नाही, पावती आहे, परवाना आहे. मी त्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगायला लागलो, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा पन्नास लाखांपर्यंत. दंडाच्या आकड्यावर तो ऐकू लागला आणि मला स्वतःचाच कंटाळा आला. दंडाची भीती मला कुठे होती? कोणी दंड केला नसता. तक्रार करू शकणारं एकच माणूस होतं, आणि ते भद्रकालीला दहा रुपये ठेवून घरी गेलं.

घड्याळ त्याच रात्री काढलं. 'तीन शिल्लक' काढलं. आजी मात्र लगेच गेली नाही. छापलेल्या पाऊचचे रोल पडून होते, ते संपायला पावसाळा उजाडला. ते पैसे त्याचे होते, त्यामुळे मी फार बोललो नाही. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. नव्या पाकिटावर गिरणीचं नाव पुढच्या बाजूला, वाचता येईल अशा अक्षरात आहे. मिठाबद्दल गिरणीवाल्याशी बोलून ते यादीत खाली नेलं, त्यामुळे किलोमागे खर्च वाढला. विक्री सुरुवातीला चांगलीच पडली, मग थोडी सावरली. पूर्वीएवढी नाही.

पंचवटीत मी चार-पाच रविवार हिंडलो. जुन्या वाड्यांतून विचारलं, एका किराणा दुकानदाराला, एका वयस्कर गुरुजींना. लग्नाआधीच्या नावावरून साठ वर्षांपूर्वीची सून शोधणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. जिथे जाई तिथे लोक आधी विचारायचे, तुम्ही कोण, काय विकता? चांदवडहून दोन-तीन महिन्यांनी फोन येतो, नातसून लावून देते. सापडली का, एवढं विचारते. नाही म्हटलं की मसाला आता बरा आहे, असं सांगून ठेवते.

मागच्या आठवड्यात इंजिनिअरचा फोन आला. मिसळीबरोबरचे नागलीचे पापड काढतोय, चार ओळी लिहून दे म्हणाला.

मी विचारलं, "लाटतं कोण?"

तो थांबला. "मशीन आहे रे."

"मग मशीनचा फोटो पाठव."

"मशीनचा फोटो बघून पापड कोण घेणार?"

"पाठव तर."

अजून पाठवलेला नाही.