शेकाट्याचा उलटा गुडघा

सुरतेजवळची तापी दिवसातून दोनदा भरती-ओहोटी पाहते. आमच्या भुसावळकडची तापी मात्र वर्षातून एकदाच ओसरते. पावसाळा सरताना हतनूर धरणाचे 41 दरवाजे बंद झाले की पाणी मागे पूर्णेच्या संगमापर्यंत, चांगदेवच्या काळ्या दगडी मंदिराखाली पसरते, आणि रब्बीसाठी पाणी सुटू लागले की मधले उंचवटे बेटांसारखे उघडे पडतात. फेब्रुवारीतल्या एका सकाळी अशाच एका बेटावर निसर्गफेरी आणि चित्रकला, असा जोड कार्यक्रम होता. घोटाभर पाण्यातून चालत जाताना माझी एक चप्पल गाळाने ठेवून घेतली.

तीस माणसे फार झाली, हे माझे स्पष्ट मत आहे. कोणाचा तरी मोबाइल खणखणला आणि चक्रवाकांचा सगळा थवा ओरडत पलीकडच्या काठाला गेला.

मागे राहिला तो एकटा शेकाट्या, म्हणजे काळ्या पंखांचा आणि लांब लाल पायांचा पाणपक्षी, आणि तोच आम्हाला काढायचा होता. रंग तिथल्या तिथे करायचे होते: काळी माती फडक्यातून गाळून बाभळीच्या डिंकात कालवली की काळा, आणि हळदीत चुना मिसळला की लाल. चुना मात्र कोणीच आणला नव्हता. शेवटी जाळी आवरत बसलेल्या एका मच्छीमारकाकांनी आपल्या तंबाखूच्या डबीतून तो नखाने काढून दिला. त्या मोबदल्यात माझे चित्र पाहण्याचा हक्क त्यांनी घेतला आणि म्हणाले, "भो, याचा गुडघा तर माणसासारखा पुढे वाकला. हा चालंल कसा?" मी जागच्या जागी लाजलो, कारण अर्धा तास त्या पक्ष्याकडे एकटक पाहूनही मी पाय काढला होता तो माझ्याच अंदाजाने. आमच्या मार्गदर्शक ताईंनी मग समजावले की पायाच्या मध्यावर मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नसून घोटा असतो आणि खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. दुसऱ्या कागदावर मी नुसते पायच सहा वेळा काढले, आणि मगच पक्षी पुरा केला.

दुपारच्या कळण्याच्या भाकरीवर आणि ठेच्यावर स्वतंत्र लिहिता येईल. डिंक घालण्यात मी कंजूषपणा केला होता, त्यामुळे एसटीच्या धक्क्यांनी काळी माती सुटत गेली. घरी कागद उलगडला तेव्हा शेकाट्याचे पंख पिशवीच्या तळाशी होते, आणि कागदावर लाल पाय तेवढे नीट उभे होते.