तुम्ही विचारलंत म्हणून: वीतभर चमचा आणि अधांतरी बास

माझ्या आमिषांच्या डब्यातला खालचा कप्पा उघडला की होडीतला सोबती हमखास थबकतो. आत पातळ पत्र्याचे, चकचकीत, वीतभर लांबीचे चमचे असतात. सर्वांत मोठा आठ इंचांचा, वजनाला शंभर ग्रॅमच्या आसपास. "हे बास माशासाठी?" हा पहिला प्रश्न. दुसरा त्याच्या पाठोपाठ येतो आणि तो जास्त महत्त्वाचा असतो: "पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्रावर मासे स्पष्ट दिसतात, मधल्याच पाण्यात उभे असतात, पण काहीही टाकलं तरी तोंड लावत नाहीत. असले मासे हा एवढा पत्रा कसा काय घेतात?"

गेली कित्येक वर्षं मी याचं उत्तर होडीतच, घाईघाईत देत आले आहे. आज निवांतपणे देते.

आधी मासा. बास हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. त्याच्याबद्दल आपण जे शिकतो ते बहुतेक काठाशी जोडलेलं असतं: बुडालेलं झाड, पाणवनस्पती, खडक, धक्क्याखालची सावली. तो आडोशाला दबा धरून बसतो, हे खरंच आहे. पण मोठ्या, खोल जलाशयात वर्षातले बरेच महिने बासची एक मोठी संख्या कशाच्याही आडोशाला नसते. चाळीस फूट खोल पाणी असतं आणि मासे पंधरा फुटांवर असतात. वर पंधरा फूट पाणी, खाली पंचवीस. ना पृष्ठभाग, ना तळ. इंग्रजीत याला 'सस्पेंडेड' म्हणतात. मला आपला 'अधांतरी' हा शब्द त्याहून नेमका वाटतो.

ते तिथे का थांबतात? एक कारण शॅड. हा चंदेरी, चपटा मासा उघड्या पाण्यात घोळक्याने फिरतो आणि पाण्यातलं सूक्ष्म प्लवक गाळून खातो. प्लवक सरकलं की शॅड सरकतो, शॅड सरकला की बास. दुसरं कारण पाण्याचे थर. उन्हाळ्यात वरचं गरम, हलकं पाणी खालच्या गार, जड पाण्यात मिसळत नाही. दोन्हींच्या मध्ये एक पट्टा तयार होतो, तिथे तापमान झपाट्याने उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. पोषकद्रव्यं भरपूर असलेल्या तळ्यांत या पट्ट्याखाली प्राणवायू इतका कमी होतो की मासा तिथे फार वेळ राहू शकत नाही. म्हणजे तळ चाळीस फुटांवर असला तरी बासच्या दृष्टीने तळं वीस-बावीस फुटांवरच संपतं. सोनार जरा संवेदनशील केला तर हा पट्टा पडद्यावर धूसर रेघेसारखा दिसतो. ती रेघ दिसली की तिच्याखालचं पाणी मी उन्हाळाभर सोडून देते. नवख्या माणसाचे किती तास या एका गोष्टीने वाचतात!

तिसरं कारण वाहतं पाणी. अमेरिकेतल्या टेनेसी नदीवर धरणांची साखळी आहे. त्यातलं केंटकी धरण १९४४ मध्ये पुरं झालं आणि त्यामागे प्रचंड जलाशय उभा राहिला. मोठा चमचा बाससाठी रुळला तो मुख्यतः अशा पाण्यावर. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की जलाशयात ओढ तयार होते, शॅड त्या ओढीबरोबर ढकलले जातात आणि बास जुन्या नदीपात्राच्या बुडालेल्या कडेवर, प्रवाहाकडे तोंड करून ओळीने उभे राहतात. तेव्हा ते भुकेले असतात आणि बरंच काही घेतात. पाणी बंद झालं की हेच मासे कडेवरून सुटतात, वर उचलले जातात आणि जवळच्या खोल पाण्यावर सैलावून थांबतात. सकाळी दणादण मासे देणारी जागा दुपारी मेल्यासारखी का होते, असं मला विचारतात. मासे बहुतेक वेळा तिथेच असतात, फक्त दहा-बारा फूट वर.

आता चमचा. ही कल्पना जुनी आहे. ज्युलिओ ब्यूएल नावाच्या अमेरिकन माणसाचा जेवणाचा चमचा व्हरमाँट राज्यातल्या तळ्यात पडला, बुडताना त्याच्यावर मासा झेपावला आणि त्यावरून त्याला आमिष सुचलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट कितपत खरी ते सोडा, १८५२ मध्ये त्याने अशा आमिषाचं पेटंट घेतलं, ही मात्र नोंद आहे. मला त्या गोष्टीतला एकच तपशील मोलाचा वाटतो: मासा बुडणाऱ्या चमच्यावर आला. कोणी तो ओढत नव्हतं.

चमच्यांचे प्रकार बरेच आहेत. जाड, अरुंद चमचा दगडासारखा सरळ खाली जातो. तळाशी टेकलेल्या माशांसाठी तो उत्तम. माझा चमचा दुसऱ्या प्रकारातला, त्याला फ्लटर स्पून म्हणतात. तो लांबट, रुंद आणि वजनाच्या मानाने पातळ असतो. तो आडवा होतो आणि डावीकडे घसरतो, थबकतो, मग उजवीकडे घसरतो. पिंपळाचं पान गळताना पाहा, तसा. पातळ वस्तू पडताना सरळ का पडत नाही, याने मोठमोठ्या लोकांना गुंतवलं आहे. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी कागदाच्या पट्टीच्या पडण्यावर १८५४ मध्येच लिहिलं होतं. प्रत्येक घसरणीत चमच्याचा पत्रा उजेड पकडतो आणि सोडतो. शिवाय एवढा रुंद पत्रा हलला की पाणी ढकललं जातं आणि ते माशाला अंगाच्या दोन्ही बाजूंच्या संवेदनरेषेवर कळतं. बासला हे दृश्य ओळखीचं आहे. मरणारा शॅड असाच जातो: कुशीवर कलतो, लकाकतो, जरा धडपडतो, पुन्हा खाली. पाण्याचं तापमान सात अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की थ्रेडफिन जातीचे शॅड मरायला लागतात. त्या दिवसांत बास खालच्या बाजूला थांबून वरून येणारं अन्न नुसतं टिपतात. हिवाळ्यातही चमचा का चालतो याचं उत्तर यात आलं.

आणि आकार? शॅडचा दुसरा प्रकार, गिझर्ड शॅड, एक फुटापर्यंत सहज वाढतो. मोठा बास तो गिळतो. आपल्याला आठ इंच अवाढव्य वाटतात, त्याला ते जेवण वाटतं. लहान मासेही या चमच्यावर येतात, पण मी तो काढते तो मोठ्यांसाठी. घोळक्यातले शॅड लहान असतील तर चार-पाच इंचांचा लावते. रंगाबद्दल मला फारसं सांगायचं नाही. स्वच्छ पाणी आणि ऊन असेल तर चांदी, गढूळ असेल तर पांढरा किंवा सोनेरी.

खरं शिक्षण मात्र मला सामानातून मिळालं नाही. पहिला पूर्ण हंगाम मी हाच चमचा टाकत होते आणि मासा लागत नव्हता. खाली जाताना तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ताणून धरायची, चावा कळावा म्हणून. ज्यांच्या होडीत मी गरवायला शिकले ते काका एक दिवस बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "धरून ठेवतेस म्हणून तो पडतच नाहीये गं. सोड त्याला." त्यांनी माझा चमचा होडीच्या कडेला, डोळ्यांना दिसेल इतक्या उथळ पाण्यात सोडून दाखवला. ताणलेल्या दोरीवर तो नाक वर करून झोका घेत सरळ होडीखाली आला, लकाकणं जवळपास बंद. दोरी सैल करताच आडवा झाला आणि दोन्ही बाजूंना फूट-फूटभर झेपावत उतरला. तेच आमिष, तेच पाणी. त्या दुपारी तिसऱ्या फेकीला दोरी पाण्यावर सैल पडलेली असताना एकदम बोटभर सरकली. हाताला काहीच जाणवलं नव्हतं. मी डोळ्यांनी पाहिलं आणि रॉड ओढला. तो माझा चमच्यावरचा पहिला बास. तेव्हापासून माझी नजर दोरीवर असते.

म्हणून कोणीही विचारलं की मी हेच सांगते: हा चमचा पडण्यासाठी केलेला आहे, त्याला पडू द्या. रॉड वर उचलताना आपण फक्त पुढच्या पडण्याची तयारी करत असतो. रॉड दमदारपणे तीन-चार फूट वर घ्या. मग टोक चमच्याच्या मागोमाग खाली आणा, दोरीत किंचित पोट राहील इतकं. फार सैल सोडलीत तर चावा दिसणार नाही आणि गळ दोरीत अडकेल. घट्ट धरलीत तर माझ्या पहिल्या हंगामासारखं होईल. या दोन्हींच्या मधली जागा हाताला सापडायला वेळ लागतो, आणि तो वेळ देण्यासारखा आहे. दोरी उडी मारेल, बाजूला सरकेल किंवा अपेक्षेआधीच थांबेल. तिन्हींचा अर्थ एकच, ताबडतोब ओढा.

खोली मोजण्याची माझी रीत साधी आहे. वीस फूट खोल असल्याची खात्री असलेल्या जागी चमचा सोडायचा आणि तळाला लागेपर्यंत सावकाश आकडे मोजायचे. माझा पाच इंची चमचा तिथे दहाच्या आसपास पोहोचतो. म्हणजे मासे पंधरा फुटांवर असतील तर सहा आकड्यांनंतर पहिली उचल. तुमचा चमचा वेगळा, तुमचं मोजणं वेगळं, म्हणून एकदा स्वतः मोजून घ्या. एक नियम मात्र सगळीकडे सारखा: चमचा माशांच्या वर राहिला पाहिजे. बास वर बघून शिकार करतो. त्याच्या खाली गेलेलं आमिष बहुतेक वेळा वाया गेलेलं असतं. पुढे पाहणारे सोनार २०१८ नंतर झपाट्याने पसरले आणि आता चमचा व मासा दोन्ही एकाच पडद्यावर हलताना दिसतात. मी तो वापरते. मासा चमच्याकडे वळला आणि परत फिरला, हे त्यातून जितकं कळतं तितकं आणखी कशातून कळत नाही. पण तरीही आकडे मोजते, कारण पडदा बघताना दोरीवरची नजर सुटते.

भुकेले नसलेले मासे मग का घेतात? माझ्या अनुभवात ते ठरवून घेत नाहीत. समोर काहीतरी मोठं, जखमी, निसटत चाललेलं अचानक आलं की झेप आधी जाते. म्हणून दहा वेळा एकाच लयीत उचलून काही झालं नाही तर मी एकदा जोरात झटका देते आणि मग जास्त वेळ पडू देते. घोळक्यातला एक मासा हलला की बाकीचे चढाओढीने येतात. पहिला मिळवणं अवघड, पुढचे तीन सोपे. म्हणून पहिला मासा सोडला की फोटोत वेळ घालवू नका.

सामानाचं थोडक्यात. रॉड साडेसात फुटांच्या आसपास, जड जातीचा, कारण शंभर ग्रॅम फेकताना हलका रॉड मोडेल. फेक झटक्याने नको, संथ झोक्याने. तंगूस वीस पौंडांच्या आसपासची फ्लोरोकार्बन. चमच्याच्या वर स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी कडी, हवीच, नाहीतर गिरक्यांनी दोरीला इतका पीळ बसतो की तासाभरात ती फेकायच्या लायकीची राहत नाही. कारखान्यातून आलेला तीन काट्यांचा गळ बोथट वाटला तर लगेच बदला.

मासा लागल्यावर चमच्याचं वजन उलटतं. बास पाण्याबाहेर उडी घेऊन डोकं झटकतो, तेव्हा एवढा जड पत्रा तरफेसारखा गळावर ओढ देतो आणि गळ निसटतो. रॉडचं टोक पाण्याकडे खाली ठेवा, दोरी क्षणभरही ढिली सोडू नका, मासा वर यायला लागला की टोक पाण्यात बुडवलंत तरी चालेल. होडीत घेताना जाळंच वापरा. झटकणाऱ्या माशाच्या तोंडात लोंबणारे तीन काटे आणि तुमची बोटं जवळ यायला नकोत. डोळ्यांवर चष्मा नेहमी असू द्या. सुटलेला चमचा सरळ तोंडाकडे येतो.

एक गोष्ट मला कोणी विचारत नाही, पण मी सांगतेच. एका हिवाळ्यात मी पस्तीस फुटांवरून एक देखणा बास वर आणला. सोडला तर तो कुशीवर तरंगत राहिला. पोट फुगलेलं, शेपटी हलते आहे पण खाली जाता येत नाही. तेहेतीस-चौतीस फुटांवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून वर येताना माशाच्या वाताशयातला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतला, वायू दुपटीला फुगतो आणि बासला तो तोंडावाटे सोडून देण्याची सोय नसते. मी तासभर त्याच्याजवळ होडी धरून राहिले. शेवटी एक शिकारी पक्षी आला.

त्यानंतर मी माशाला पुन्हा खोलीवर नेऊन सोडणारी वजनदार पकड विकत घेतली. ती कायम होडीत असते. सुईने वायू काढतात तेही चालतं, पण कोणाकडून तरी समोर बसून शिकल्याशिवाय ते करू नका. आणि पडद्यावर मासे तीस फुटांखाली दिसले तर मी चमचा डब्यातून काढत नाही. पंधरा-वीस फुटांवरचे शोधायला पुढे जाते. ते असतात, बहुतेक त्याच कडेच्या थोडे पलीकडे, उघड्या पाण्यावर.