काहीतरी बघण्यासारखं सांग ना

दुपारी ओटा आवरत होते, तेवढ्यात भाचीचा मेसेज आला. "आत्या, यूट्यूबवर काहीतरी बघण्यासारखं सांग ना. रील्स बघून डोकं उठलंय."

असं कुणी विचारलं की माणूस एकदम अभ्यासू होतो. मी लगेच 'थ्री ब्लू वन ब्राउन' लिहून पाठवलं. ग्रँट सँडरसन २०१५ पासून हलत्या चित्रांतून गणित उलगडून दाखवतोय. बारावीत नुसती घोकलेली कॅल्क्युलसची सूत्रं मुळात आली कुठून, ते त्याच्याकडे डोळ्यांना दिसतं. पाठोपाठ 'प्रॅक्टिकल इंजिनिअरिंग'. धरणं, पूल, नळाचं पाणी. ग्रेडी हिलहाउस छोट्या प्रतिकृती बांधून समजावतो.

दोन्ही उत्तमच आहेत. पण रात्री मागचं आवरून झालं की मी बघते तो जॉन प्लांट. चॅनलचं नाव 'प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी'. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या उत्तर टोकाकडच्या रानात हा अनवाणी, उघड्या अंगाने चिखल तुडवतो, कौलं थापतो, भट्टी लावतो. ओढ्यात लोहजीवाणूंमुळे साचणारा तांबूस गाळ गोळा करून त्यातून त्याने लोखंडाचे बारके मणी काढलेत. तोंडातून अवाक्षर नाही. खालची अक्षरं सुरू केली तर काय चाललंय ते वाचता येतं. मी करत नाही. 'बेल आयकॉन दाबा' तर नाहीच नाही. (बाहेरच्या फोटोत कुणी तोंडाचा आ केलेला असेल, तर तो व्हिडिओ मी उघडत नाही. चांगले हुकत असतील. हुकोत.)

हे भाचीला सांगितलं नाही. ती दोन मिनिटं बघणार, "ओके" पाठवणार. आणि आपल्या आवडीचं दुसऱ्याला दाखवायचं तर शेजारी बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहावं लागतं. ते पुण्यात बसून बंगळुरूत कसं जमायचं?

लहानपणी कुणी कुणाला काही सुचवतच नसे. मुंबई दूरदर्शन लावेल ते बघायचं. संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं' लागलं की आजोबा खुर्ची पुढे ओढायचे. गिरगावातल्या दोन खोल्या. शेत सोडाच, तुळससुद्धा गॅलरीच्या कठड्यावर डालड्याच्या डब्यात. पण भातावरचे तुडतुडे, आंब्याचा मोहोर, किती लिटर पाण्यात किती औषध, सगळं कान देऊन ऐकायचे. पडद्यावरच्या तज्ज्ञालाही सोडायचे नाहीत. "अरे, आधी खाचरातलं पाणी काढ ना!" आजी आतून म्हणायची, "घ्या पंप, फवारा आता गॅलरीत." आम्ही पोरं खिदळायचो, आणि हे संपून मालिका कधी लागते याची वाट बघायचो. आजोबांना आमचं हसू ऐकू येत असणार. मान वळवून बघितलं नाही कधी.

चिपळूणकडची त्यांची भाताची खाचरं १९५७ साली कुळकायद्यात गेली होती, हे मला बाबांनी सांगितलं, आजोबा गेल्यानंतर. "कसत होता त्याला मिळाली, बरोबरच झालं," असं म्हणायचे म्हणे, आणि विषय बदलायचे.