टी-शर्टवरची ओळ कुणाची, अक्षर कुणाचं?

फेब्रुवारी लागला की नाशिकच्या टी-शर्ट प्रिंटिंगवाल्यांकडे ठरलेली ऑर्डर येते: 27 तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी काळे टी-शर्ट, छातीवर कवितेची ओळ. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर, सोबत निरोप, "दादा, गुगलवरूनच घेतलीय, चालेल ना?"

चालत नाही. का, ते या एका टी-शर्टवरच कळतं, कारण त्यावर हक्कांचे तीन-चार थर एकावर एक बसलेले असतात.

आधी ओळ. कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे कवीचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. ही 60 वर्षं पुढच्या 1 जानेवारीपासून मोजायची. ज्यांच्या जन्मदिनी हा दिवस साजरा होतो ते आपल्या नाशिकचे कुसुमाग्रज 10 मार्च 1999 रोजी गेले. म्हणजे त्यांच्या कवितेवरचा हक्क 2059 संपेपर्यंत शाबूत आहे, हक्क ज्यांच्याकडे आहे त्यांची परवानगी लागते. "एकच तर ओळ" हा बचाव कवितेत लंगडा पडतो, कारण कायदा लांबी नाही, महत्त्वाचा भाग उचलला का ते बघतो. तुकोबांचा अभंग मात्र मोकळा.

आता अक्षर. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. अभंग मोकळा असला तरी कुणी केलेलं त्याचं सुलेखन ही स्वतंत्र कलाकृती आहे. इन्स्टाग्रामवरून स्क्रीनशॉट घेऊन कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) ट्रेस केला, रंग बदलला, आडवं उभं केलं, तरी ती नक्कलच. "30 टक्के बदल केला की आपलं" असं सगळेच सांगतात. कायद्याच्या एकाही कलमात ते नाही. खाली बारीक अक्षरात कलाकाराचं नाव टाकणं म्हणजेही परवानगी नव्हे.

फॉन्टने लिहायचं असेल तर झिप फाइलमधली लायसन्सची टेक्स्ट फाइल उघडा. 'पर्सनल यूज' असेल तर विक्रीचा माल छापू नका. मुक्ता, बालू, मोदक, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. त्यांनी कितीही टी-शर्ट छापा, फक्त फॉन्टची फाइल सुटी विकायची नाही. स्टॉक साइटवरचं (तयार चित्रं-फोटो विकणारी वेबसाइट) चित्र विकत घेतलं असलं तरी साधं लायसन्स बहुतेक ठिकाणी विक्रीच्या कपड्यांना पुरत नाही. तिथे वरच्या दर्जाचं लायसन्स घ्यावं लागतं.

डिझायनरला पैसे दिले म्हणजे डिझाइन आपलं, हाही असाच गैरसमज. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं. फोटो किंवा पोर्ट्रेट पैसे देऊन काढून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास ते काढून घेणाऱ्याचं. म्हणून लग्नाचा फोटो नवरा-नवरीने टी-शर्टवर छापायला सहसा हरकत नसते. पण फ्रीलान्सरने केलेला लोगो किंवा ग्राफिक लेखी हस्तांतर होईपर्यंत फ्रीलान्सरचंच. कागदावर त्याची सही हवी, कुठलं काम ते हवं, मुदत आणि प्रदेश हवा. मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ढोल पथकाचा लोगो सहाव्या वर्षी पुन्हा छापताना भांडण निघतं ते इथूनच.

स्वतःचं डिझाइन असेल तर वेगळीच मेख आहे. जे चित्र कपड्यावरचं डिझाइन म्हणून डिझाइन कायदा 2000 खाली नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याचे 50 पेक्षा जास्त नग छापले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. नोंदणी मिळाली तर 10 अधिक 5 वर्षं संरक्षण. पण अर्ज आधी, इन्स्टाग्राम नंतर. आधी जाहीर झालेलं डिझाइन नवं धरत नाहीत.

कॉपीराइटचा प्रश्न नसूनही अडकवणाऱ्या गोष्टी आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र 1950 च्या चिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी वापरता येत नाही, ब्रँड म्हणून नोंदवण्याचा विचार तर सोडूनच द्या. बाजारात सर्रास दिसतात, म्हणून परवानगी आहे असं नव्हे. 15 ऑगस्टच्या ऑर्डरमध्ये तिरंगा तसाच्या तसा कापडावर छापणं राष्ट्रीय सन्मान कायद्यात बसत नाही. येवल्याचं नाव लावून प्रिंटेड माल 'पैठणी' म्हणून विकणं हा भौगोलिक मानांकनाचा भंग.

"फाइल ग्राहकाची, आम्ही फक्त जॉबवर्क करतो" यानेही सुटका होत नाही, छापणाराही प्रत काढणाराच असतो. माहीत असून केलं तर कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड. माहीत नव्हतं हे दाखवायला कागद लागतो. ऑर्डर फॉर्मवर तीन ओळी ठेवा: चित्र कुणी काढलं, परवानगी कुठली, दावा आल्यास जबाबदारी कुणाची, खाली ग्राहकाची सही आणि छापलेल्या फाइलची प्रिंट जोडलेली.

स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांसाठी आणखी एक. कायद्यात 'प्लेट' या शब्दात साचा, ठसा, निगेटिव्ह असं बरंच येतं, आणि नक्कल काढण्यासाठी अशी प्लेट जाणूनबुजून बाळगणं हाच कलम 65 खाली वेगळा गुन्हा आहे, 2 वर्षांपर्यंत कैदेचा. एकदाच छापायच्या परवानगीचं काम झालं की स्क्रीन (छपाईची जाळी) त्याच आठवड्यात धुऊन टाका आणि पॉझिटिव्ह (स्क्रीन बनवायची फिल्म) फाडा.