बाकांवरचे नंबर

१९९३ च्या जानेवारीत आपल्या शाळेत राज्य राखीव पोलीस दलाची एक कंपनी मुक्कामाला उतरली, तेव्हा मी दहावीत होतो. पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती आणि मुंबई पेटली होती. डिसेंबर आणि जानेवारी मिळून त्या दंगलींत नऊशे माणसं गेली. गिरणगावातल्या आमच्या गल्लीत संचारबंदी होती. खिडकीत उभं राहिलं तरी आई आत ओढायची. या स्मरणिकेत माझे मित्र सहली, स्नेहसंमेलनं, सरांचा मार याबद्दल लिहितील. मला त्या अकरा दिवसांबद्दल लिहायचं आहे. माझी पुढची सगळी नोकरी त्यातूनच उगवली.

निरोप आला संध्याकाळी. पोलीस ठाण्यातले एक हवालदार मोठ्या बाईंच्या घरी आले आणि म्हणाले, रात्री शंभरेक माणसं येतील, शाळा उघडून द्या. बाई शाळेमागेच राहत. शिपाईमामांचं बिऱ्हाड तर शाळेच्या जिन्याखालीच होतं. समोरच्या चाळीतून आम्हा पाच पोरांना हाक गेली आणि हवालदारांच्या सोबतीनं आम्ही गल्ली ओलांडली.

वर्गांत बाकं परीक्षेसाठी मांडलेली होती. प्रत्येकावर खडूनं नंबर. माणसांना पाठ टेकायची तर जमीन मोकळी हवी, म्हणजे बाकं एकावर एक रचायची, आणि रचली की खडू पुसला जाणार. मोठ्या बाई क्षणभर दारात उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "परीक्षा होणार आहे. नंबर चिठ्ठ्यांवर उतरवा आणि बाकाच्या खालच्या अंगाला चिकटवा." मामांनी मैद्याची खळ शिजवली. बाहेर लांबवर कुठंतरी आरडाओरडा चालला होता आणि आम्ही कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली चिठ्ठ्या चिकटवत होतो. माझ्या हाताला त्या खळीचा चिकटपणा अजून आठवतो.

गाड्या अकरानंतर आल्या. जवान दौंडहून दुपारी निघालेले. तेव्हा द्रुतगती मार्ग नव्हता, जुन्या रस्त्यानं खंडाळ्याचा घाट उतरून आलेले. ट्रकमधून ट्रंका आणि बिस्तरे उतरले. जेवणाचं कुणीच विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, "पाणी कुठाय?" दुसरा, "संडास किती?"

इथं आपली शाळा कमी पडली, आणि त्यात शाळेचा दोष नव्हता. शाळा बांधतात ती सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या पोरांसाठी. टाकीत पाणी पिण्यापुरतं. मुताऱ्या पाचवीच्या मुलाच्या उंचीच्या. नहाणी एकही नाही, कारण शाळेत आंघोळ कोण करतं? पालिकेचं पाणी पहाटे यायचं. त्या पहाटे चाळीतल्या बायकांनी आपले नंबर सोडले आणि सामाईक नळ दोन तास जवानांच्या पिंपांना दिला. आमच्या चाळीत नळावरच्या नंबरावरून रोज भांडणं व्हायची, म्हणून सांगतो.

कंपनीचे निरीक्षक मात्र आधी झोपायची जागा बघत नव्हते. हातात बॅटरी घेऊन ते इमारतभर फिरले. त्यांना एकच दार आणि खिडक्यांना जाड गज असलेली खोली हवी होती. कोतसाठी, म्हणजे हत्यारं ठेवायला. तशी खोली शाळेत एकच, प्रयोगशाळा. बाई विज्ञान शिकवायच्या. आम्हाला कुणालाही हात लावू न देता त्यांनी आम्लाच्या बाटल्या एकेक करून स्वतः शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवल्या. ज्या ओट्यावर आम्ही लिटमस बुडवला होता, त्याला टेकून रायफली उभ्या राहिल्या. दाराशी पहारेकरी.

त्या दिवसांत कंपनी कधी एकदम झोपलीच नाही. निम्मी माणसं बंदोबस्तावर आणि निम्मी अंगावरच्या वर्दीतच आडवी. रात्रपाळीवरून आलेल्यांना दिवसा काळोख हवा, म्हणून बाईंनी स्नेहसंमेलनाचा मखमली पडदा काढून दहावी 'ब'च्या खिडक्यांवर टांगला. भोजन सेवकांनी मैदानाच्या कोपऱ्यात विटांची चूल मांडली. शंभर माणसांच्या पोळ्या दोन वेळेला, ते पीठ मळणं मी जवळून पाहिलं.

मी १९९७ साली याच दलात भरती झालो. गणपती, निवडणुका, निकाल, दंगली. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांतल्या शाळांच्या फरशीवर झोपलो. पुढे ॲडव्हान्स पार्टीचं काम माझ्याकडे आलं: कंपनीच्या आधी काही तास पोचायचं आणि जागा बघायची. आजही मी त्याच क्रमानं बघतो. पाणी, संडास, कोत, गाड्या वळतील एवढं मैदान, मग झोपायच्या खोल्या. माणशी निदान दोन बादल्या पाणी धरलं तरी शंभर जणांना रोज तीन-चार हजार लिटर लागतं. टँकर आधी सांगून ठेवला नाही तर दुसऱ्या दिवशी वर्दीला वास येतो. अलीकडे मोबाइलमुळे विजेच्या खटक्यांचा प्रश्न वाढला आहे. दोन खटक्यांवर तीस मोबाइल लागतात आणि फ्यूज उडतो.

निवडणुकीत १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६० खाली इमारत रीतसर ताब्यात घेता येते. कागद असतो, वेळ असतो. दंगलीत नसतो. तिथं सगळं किल्ली कुणाकडे आहे आणि तो माणूस दार उघडतो का यावर अडतं. एका शहरात भर पावसात रात्री दोनला आम्ही एका इमारतीत शिरलो, वर्ग उघडे होते आणि संडासांना कुलूप. किल्लीवाला गावाला गेलेला. अठरा तास प्रवास करून आलेली माणसं, त्यातले दोघं तापानं फणफणलेले. त्या रात्री मला शिपाईमामांची फार आठवण आली. त्यांच्या जुडग्यात शाळेच्या प्रत्येक दाराची किल्ली होती आणि त्या अकरा रात्री ते जुडगं उशाशी घेऊन बाहेरच्या ओसरीत झोपले होते.

कंपनी गेली त्या सकाळी जवानांनीच बाकं परत लावली. उलटी करून चिठ्ठी वाचायची, सरळ करून जागेवर ठेवायची. एक जवान वाचायचा, दुसरा ओळ सांगायचा. जमिनी धुतल्या, चुलीच्या विटा रचून ठेवल्या. परीक्षेच्या दिवशी माझा नंबर जिथं असायला हवा होता तिथंच होता.

अमृतमहोत्सवानिमित्त शाळेची मागची पडवी पाडून नवी इमारत होते आहे, असं कळलं. नकाशा पक्का होण्याआधी माझी विनंती आहे. तळमजल्यावर, मैदानाच्या बाजूनं उघडतील अशी चार नहाणी आणि मोठ्या माणसांसाठी सहा संडास काढा. एरवी क्रीडा महोत्सवाला, मुंबईत पाणी भरलं की अडकलेल्या लोकांना उपयोगी पडतील. गच्चीवर जादा टाकी घ्या. नव्या प्रयोगशाळेला दार एकच ठेवा. नहाण्यांचा खर्च मी आणि आमच्या बॅचचे चौघे मिळून देतो. त्या रात्री खळ लावणारे पाचही जण यात आहोत.