आमची वाटचाल: सासवडचा अंजिराचा ट्रे

आमचे आण्णा टेम्पो चालवायचे. सकाळी उन्हाच्या आत तोडलेलं अंजीर दुपारपर्यंत भरून व्हायचं, संध्याकाळी वाड्यावस्त्यांवरून ते गाडीत घ्यायचं, रात्री दिवे घाट उतरायचा आणि पहाटे गुलटेकडीला मार्केटयार्डात गाडी लावायची, असं बावीस वर्षं. शाळेला सुट्टी लागली की मी पण बरोबर जायचो. तेव्हा माल पाट्यांमधे यायचा, खाली वर अंजिराचीच पानं घातलेली, पण घाटातली वळणं आणि ब्रेक, पोचेपर्यंत तळाच्या थराचा पार चिखल व्हायचा आणि भाव तिथेच पडायचा. एकदा एक म्हातारे शेतकरी आण्णांना म्हणाले, "गाडी जरा सावकाश घेत जा की." आण्णा म्हणाले, "गाडी सावकाशच हाय मामा, पाटी खोल हाय."

आमचा फळांसाठी पुठ्ठ्याचे ट्रे आणि बॉक्स करायचा धंदा सुरू झाला तो या वाक्यातून.

२००९ ला पुरंदर तालुक्यातल्या सासवडमधे भाड्याने एक गाळा घेतला, पिना मारायचं एक जुनं स्टिचिंग मशीन, पुठ्ठ्यावर घडीच्या रेघा पाडायचं एक क्रीझिंगचं मशीन, पुठ्ठ्याच्या शीट पुण्यातून आणायच्या आणि बाकी सगळं हाताने, मी, आण्णा आणि आमची आई. पहिला बॉक्स दोन थरांचा केला. तो फसला, कारण खोली कमी केली तरी वरचा थर खालच्यावर बसतोच. मग एक थराचा उथळ ट्रे केला, चोवीस फळं, वजन साधारण किलोभर, बाजूला हवेची भोकं. फळ देठ धरून अलगद ठेवायचं, खाली एक पान, वर पान नाही, कारण गिऱ्हाईकाला रंग दिसला पाहिजे. आम्ही स्वतः रानात जाऊन फळं भरून बघायचो, चिकाने हाताची कातडी सोलून निघायची.

ट्रे बरा जमला असं वाटलं आणि खट्टा बहार, म्हणजे अंजिराचा थंडीतला हंगाम, आला. थंडीचं दव, ओलसर फळ, आणि आमचा पुठ्ठा साध्या खळीने चिकटवलेला. सहाशे ट्रे एका रात्रीत तळातून सुटले. ज्यांचा माल होता त्यांच्या दारात जाऊन मी उभा राहिलो, पैसे दिले, दोन हप्त्यांत दिले पण पूर्ण दिले. त्यानंतर तळाला जाड कागद, ओल सोसेल असा गम, आणि प्रत्येक लॉटमधला एक ट्रे ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवायचा, सकाळी उचलून बघायचा. हे आजही रोज करतो, कितीही घाई असू दे.

२०१६ ला पुरंदरच्या अंजिराला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं भौगोलिक मानांकन, मिळालं आणि कोरे ट्रे घेणारे शेतकरी म्हणायला लागले, नाव छापून द्या. तेव्हा दोन रंगांचं प्रिंटिंग घेतलं. आपल्या रानाचं नाव छापलेला पहिला ट्रे हातात घेतल्यावर एका काकूंनी तो पदराने पुसला होता, ते मी विसरू शकत नाही. २०२४ ला पुरंदरच्या अंजिराचं ज्यूस पोलंडला गेलं, त्याच्यात आमचा काही वाटा नाही, पण त्या दिवशी आम्ही गाळ्यात पेढे वाटले.

मधे एक वाईट वर्ष पण गेलं. पुण्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने अख्ख्या सीझनचे बॉक्स उचलले आणि पैसे बुडवले. तेव्हापासून निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, लावत नाही, ओळखीचा असला तरी.

त्याच सुमाराला सगळे सांगत होते की हडपसरकडे शेड घे, मोठी गिऱ्हाईकं तिकडे आहेत. बघून पण आलो. पण अंजीर थांबत नाही हो, आज पिकलं तर आजच तोडायचं, शेतकऱ्याचा पहाटे साडेचारला फोन येतो की दोनशे ट्रे कमी पडतायत, तेव्हा घाट चढून कोण येणार? इथून सोनोरी, दिवे, गुऱ्होळी, कुठेही लगेच पोचतो. आणि आमचं गाव काही पुण्याचं शेपूट नाही. पुण्याची महानगरपालिका १९५० ची, आमची नगरपालिका इंग्रजांच्या काळातली. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मधे एक लाखाच्या आतल्या शहरांमधे सासवड देशात पहिलं आलं. मोठ्या शहरांत इंदूर आणि सुरत, लहानांत आम्ही. आमच्याकडे रोज पोतीभर कात्रण निघतं, ते ओलं न करता वेगळं ठेवायची शिस्त घंटागाडीवरच्या ताईंनी लावली, आता ते सगळं परत कागदाच्या मिलला जातं.

आषाढवारीला माऊलींची पालखी इथे दोन मुक्काम असते. घाट वाहनांना बंद, म्हणून सीताफळाचे बॉक्स आधीच पोच करतो आणि गाळा रिकामा करून वारकऱ्यांना देतो. खाली पाच प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या जाड पुठ्ठ्याच्या, शीट अंथरतो. एक आजी म्हणाल्या, गादीपेक्षा बरं आहे, ओल येत नाही. त्या दरवर्षी आमच्याकडेच उतरतात.

सध्या मनाला लागून राहिलंय ते पुरंदरला होऊ घातलेल्या विमानतळाचं, त्याला जमिनी जातायत. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, या सात गावांत आमची जुनी गिऱ्हाईकं आहेत, त्यांच्या सीताफळाच्या आणि अंजिराच्या बागा मी रोपं असल्यापासून बघितल्यात. मोबदला किती हे सगळे विचारतात, पण पंधरा वर्षं वाढवलेली बाग दुसरीकडे उचलून नेता येत नाही. एका दादांनी मागच्या महिन्यात ट्रेची ऑर्डर देताना विचारलं, पुढच्या वर्षीसाठी नाव छापून घेऊ का नको? मी म्हणालो छापून घ्या, उरले तर मी परत घेतो.

आज आम्ही अकरा जण आहोत, त्यातल्या सात बायका, पेस्टिंग सगळं त्यांच्याकडे. आण्णा आता गाडी चालवत नाहीत, पण ओल्या फडक्यातला ट्रे सकाळी तेच उचलून बघतात. मिठा बहार, म्हणजे उन्हाळ्यातला हंगाम, तोंडावर आलाय, बारा फळांच्या छोट्या ट्रेची नवीन डाय लावलीय, सोसायट्यांमधे थेट विकणारे मागत होते. कोणाला हवे असतील तर येताना आपल्या बागेतली चार फळं घेऊन या, माप त्याच्यावरूनच घेतो.